‘मुद्दाम केलं का?’ रग्बी लीगमधला धोकादायक खेळ आणि खेळाडूचा हेतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीच्या पश्चिम भागात, पॅरामाटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड या पट्ट्यात राहायला आलेल्या मराठी माणसाने आयुष्यभर क्रिकेटशिवाय काही पाहिलेलं नसलं, तरी मार्च ते ऑक्टोबर रग्बी लीगपासून त्याची सुटका नसते. सोमवारी ऑफिसात चर्चा रंगते ती गुणांपेक्षा एखाद्या टॅकलवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्यावर. अमक्याने तमक्याला जे आडवं केलं, ते मुद्दाम की चुकून? या वादात नव्याने पडणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. नियम सांगितले आहेत तिथे नियम आहेत. मत दिलं आहे तिथे ते मतच आहे, पटलं नाही तर खुशाल भांडा.

रग्बी लीग म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं तेच रग्बी का?

नाही. ऑलिंपिकमधलं सात जणांचं रग्बी हे रग्बी यूनियनचं रूप. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या खेळलं जातं तेही यूनियनच. लीग हा १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात फुटून निघालेला वेगळा खेळ आहे. उत्तरेकडच्या गिरणी-खाणींतल्या कामगार खेळाडूंचा सामन्यासाठी मजुरी बुडाल्यावर तिची भरपाई मिळावी, यावरून ही फाटाफूट झाली. लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू असतात आणि चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत संधी मिळते. म्हणजे संपूर्ण खेळ टॅकलवर उभा आहे. एका सामन्यात शेकडो टॅकल होतात आणि त्यातली बहुतेक कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

नियमांमध्ये ‘हेतू’ हा शब्द नेमका कुठे येतो?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी ठिकाणी. आंतरराष्ट्रीय नियमांत गैरवर्तनाची यादी आहे. ती नीट वाचली की निम्मे वाद तिथेच संपतात. पाय घालून पाडणं, लाथ मारणं, ठोसा मारणं यांच्यापुढे ‘जाणूनबुजून’ अशी अट आहे. ज्याच्याकडे चेंडू नाही अशा खेळाडूला अडवण्यालाही तीच अट आहे. पण टॅकल करताना प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला किंवा मानेला धक्का लागला, तर तो हेतुपुरस्सर, बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणाने, कसाही लागलेला असो, तो गुन्हाच. आणि एखाद्याला उचलून आपटण्याच्या नियमात हेतूचं नावच नाही. समोरच्याला अशा स्थितीत उचललं, की त्याचं डोकं किंवा मान आधी जमिनीला लागण्याची शक्यता आहे, तर तो धोकादायक थ्रो मानला जातो. सुटकेची वाट एकच: वाजवी काळजी घेऊनही ती स्थिती टाळता आली नसती, हे दिसलं पाहिजे.

म्हणजे प्रश्न ‘त्याच्या मनात काय होतं’ हा नाहीच. ‘त्याने काळजी घेतली का’ हा आहे. टीव्हीसमोर बसून आपण पहिल्यावर वाद घालतो आणि ज्युडिशियरी, म्हणजे खेळाची शिस्त-समिती, दुसऱ्यावर निकाल देते. मग निकाल लागला की आपल्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं.

हेतुपुरस्सर, बेपर्वा आणि निष्काळजी यांत फरक कसा करायचा?

रस्त्यावरचं उदाहरण घ्या. गाडी चालवताना लक्ष विचलित होऊन समोरच्याला धक्का लागला, तो निष्काळजीपणा. शाळेसमोर ऐंशीच्या वेगाने गाडी हाकली, काय होऊ शकतं हे ठाऊक असूनही पर्वा केली नाही, ती बेपर्वाई. आणि अंगावरच गाडी घातली, तर तो हेतू. पहिल्या दोन प्रकारांत ‘मला त्याला उडवायचं नव्हतं’ हे खरं असतं, पण त्याने सुटका होत नाही.

आता मैदानावर या. २७ ऑगस्ट २०२१ रोजी ब्रिस्बेनमध्ये साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलचा खांदा रूस्टर्सच्या जोसेफ मानूच्या चेहऱ्यावर बसला आणि मानूचं गालाचं हाड मोडलं. दोघे आधी रूस्टर्समध्ये एकत्र खेळलेले, एकत्र विजेतेपदं मिळवलेले. मिचेलला मित्राचं तोंड फोडायचं होतं, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वेगाने येऊन, इतक्या उंचीवर, खांदा पुढे करून घुसणं ही निवड त्याची होती. आरोप ‘बेपर्वा’ याच श्रेणीचा लागला, सहा सामन्यांची बंदी आली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. साउथ सिडनीने त्याच्याविना अंतिम फेरी गाठली आणि ती पेनरिथविरुद्ध १४-१२ अशी दोन गुणांनी गमावली.

हेतूचं स्वच्छ उदाहरण हवं असेल, तर इंग्लंडमधल्या सुपर लीगची २०१४ची ग्रँड फायनल पाहा. ओल्ड ट्रॅफर्डवर सामना सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली असतील. विगनच्या बेन फ्लॉवरने सेंट हेलेन्सच्या लान्स होहाइयाला ठोसा मारला आणि तो जमिनीवर पडल्यावर वाकून दुसरा मारला. पहिल्यावर एखादेवेळी वाद होऊ शकेल, दुसऱ्यावर काय वाद घालणार? फ्लॉवर बाहेर गेला, सहा महिन्यांची बंदी आली आणि सेंट हेलेन्स १४-६ने जिंकलं.

मग ‘हेतुपुरस्सर’ असा आरोप इतका क्वचित का लागतो?

कारण तो सिद्ध करावा लागतो आणि मनाचा एक्स-रे निघत नाही. त्यापेक्षा ‘बेपर्वा’ म्हणून मोठी शिक्षा देणं सोपं. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीग स्पर्धेत, गुन्हा लवकर कबूल केला तर शिक्षेत सूट मिळते, त्यामुळे पुष्कळ खेळाडू सुनावणीला जातच नाहीत. ज्या प्रकरणावर आपण आठवडाभर तावातावाने बोलतो, त्यात हेतूची चर्चा एकदाही औपचारिकपणे झालेली नसते.

स्लो-मोशनमध्ये तर स्पष्ट दिसतं की त्याने नेम धरला होता!

दिसतं, आणि तिथेच घोळ आहे. २०१६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीच कृती नेहमीच्या वेगाने आणि संथ गतीने दाखवली गेली. संथ गतीत पाहणाऱ्यांना ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटली. वापरलेल्या चित्रफितींत अमेरिकन फुटबॉलमधली एक धडकही होती. कारण समजण्यासारखं आहे: फीत ताणली की कर्त्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाच अवधी असतो.

संथ फीत टाकून द्या असं नाही. धक्का आधी छातीला लागला की थेट जबड्याला, हात उघडा होता की अंगाशी घट्ट, पाय जमिनीवर होते की हवेत, हे तिच्यातच कळतं. सिडनीतल्या ‘बंकर’ नावाच्या खोलीत बसलेले व्हिडिओ रेफरी तेच पाहतात. संपर्क कुठे झाला ते संथ गतीत पाहावं, आणि टाळता आला असता का हे खऱ्या वेगात. समालोचक नेमकं उलट करतात.

ॲलेक्स मॅकिननच्या प्रकरणाचा उल्लेख सारखा का होतो?

कारण त्यानंतर ‘चुकून झालं’ हे वाक्य पूर्वीसारखं उच्चारता आलं नाही. २४ मार्च २०१४, मेलबर्न. न्यूकॅसल नाइट्सच्या बावीस वर्षांच्या मॅकिननला मेलबर्न स्टॉर्मच्या तिघांनी मिळून टॅकल केलं. तो उचलला गेला, डोक्यावर आपटला, मानेचे मणके मोडले आणि त्याचं चालणं-फिरणं कायमचं थांबलं. त्या तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनवर धोकादायक थ्रोचा आरोप लागला. त्याने तो नाकारला. ज्युडिशियरीने दोषी धरून सात सामन्यांची बंदी घातली.

मॅक्लीनचा हेतू वाईट होता असं त्या वेळीही फारसं कोणी म्हणालं नाही. तिघे एकाच माणसाला धरून असले की प्रत्येकाचा जोर वेगळ्या दिशेला लागतो आणि मधला माणूस कलंडतो. मैदानावर स्टॉर्मचा कर्णधार कॅमरन स्मिथ रेफरीशी वाद घालत होता, की मॅकिननने डोकं खाली घातलं नसतं तर हे झालं नसतं. पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ते संभाषण दाखवलं गेलं आणि स्मिथवर टीकेची झोड उठली. दुखापत किती गंभीर आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. पण त्याच्या युक्तिवादातली खोट नियमानेच दाखवलेली आहे. उलट्या स्थितीत उचललेला माणूस डोकं आत घेणार, ही शरीराची सहज प्रतिक्रिया आहे. तो त्या स्थितीत पोचणार नाही, ही जबाबदारी उचलणाऱ्याची.

पण दुखापत किती झाली यावर शिक्षा ठरावी का?

हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. तत्त्व म्हणून पाहिलं तर ठरू नये. तेच टॅकल, तीच उंची, तोच वेग. एक जण उठून धूळ झटकतो, दुसरा स्ट्रेचरवरून जातो. करणाऱ्याचा दोष तेवढाच असताना एकाला दंड आणि दुसऱ्याला दोन महिने घरी बसवायचं, हे नशिबाला शिक्षा देण्यासारखं झालं.

तरीही परिणाम निकालात डोकावतोच. जुलै २०२२मध्ये ब्रिस्बेनच्या पॅट्रिक कॅरिगनच्या टॅकलमध्ये वेस्ट्स टायगर्सच्या जॅक्सन हेस्टिंग्सचा पाय मोडला. कॅरिगनला चार सामन्यांची बंदी आली. हाड शाबूत राहिलं असतं तर आकडा तोच असता का, यावर तेव्हा भरपूर शाई आणि थुंकी खर्ची पडली. माझं मत असं, की दुखापतीकडे पुरावा म्हणून पाहावं, वजनाचा काटा म्हणून नाही. जबडा मोडला याचा अर्थ जोर मोठा होता, इतकं ती सांगते. त्यापलीकडे तिला बोलू देऊ नये. मात्र मोडलेल्या पायाच्या माणसाच्या आईला हे समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, हेही खरं.

हिप-ड्रॉप, क्रशर, कॅननबॉल… ही काय भानगड आहे?

हिप-ड्रॉप म्हणजे मागून किंवा बाजूने धरलेल्या खेळाडूच्या पायांवर आपलं सगळं वजन टाकून बसणं. घोटा आणि गुडघा जातो तो इथे. क्रशरमध्ये धरलेल्याची हनुवटी छातीवर दाबली जाऊन मानेवर भार येतो. दोघांनी उभा धरलेला असताना तिसऱ्याने येऊन गुडघ्यांत घुसायचं, ते कॅननबॉल.

आता हेतूचा प्रश्न इथे वेगळं वळण घेतो. लीगमध्ये टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे सुरू होतो. तो जितक्या उशिरा उठेल तितका बचाव करणाऱ्यांना रांगेत परतायला वेळ मिळतो. त्यामुळे त्याला दोन सेकंद जास्त दाबून ठेवण्याची किंमत सोन्यासारखी. क्लबांनी त्यासाठी कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षक आणले, मेलबर्न स्टॉर्म त्यात आघाडीवर होता, आणि आठवड्याचे दिवस या पकडींचा सराव सुरू झाला. शनिवारी एखादी पकड घसरते, कोणाचा तरी घोटा फिरतो आणि आपण त्या एका खेळाडूच्या डोळ्यांत खुन्नस शोधत बसतो. इजा करण्याचा हेतू त्याच्यात नसेलही. पण शरीर धोक्याच्या टोकापर्यंत नेण्याचा बेत मंगळवारी सरावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ठरलेला असतो. ज्युडिशियरीसमोर मात्र एकटा खेळाडू उभा राहतो. एकाच क्लबाचे खेळाडू वारंवार एकाच प्रकारात सापडत असतील, तर क्लबालाही बोलवायला काय हरकत आहे?

शोल्डर चार्जवर सरसकट बंदी कशाला? हेतू पाहून ठरवता आलं असतं.

नेमकं तेच जमत नव्हतं. हाताने पकडायचा प्रयत्नच न करता नुसत्या खांद्याची धडक द्यायची, हा प्रेक्षकांचा अतिशय आवडता प्रकार होता. तो डोक्याला लागला तरच गुन्हा, अशी पूर्वी स्थिती होती. जुलै २०१२मध्ये ग्रेग इंग्लिसच्या धडकेने डीन यंग निपचित पडला, इंग्लिसला तीन सामने बसावं लागलं, आणि २०१३च्या हंगामापासून ऑस्ट्रेलियात हा प्रकारच बाद झाला. पुष्कळ माजी खेळाडूंनी तेव्हा गळे काढले. जून २०१५मध्ये क्वीन्सलँडच्या राज्य स्पर्धेत सनशाइन कोस्ट फाल्कन्सचा जेम्स ॲकरमन अशाच धडकेनंतर दगावला. त्यानंतर गळे काढणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

नियम सरसकट केला तरी माणसं माणसंच राहतात, याचा दाखला २०१८चा. मेलबर्न स्टॉर्मच्या बिली स्लेटरने क्रोनुलाच्या सोसाया फेकीला कोपऱ्यात धडक देऊन होणारा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) रोखला, आरोप लागला, दोषी ठरला असता तर कारकिर्दीचा शेवटचा सामना, तोही ग्रँड फायनल, हुकला असता. ज्युडिशियरीने त्याला निर्दोष ठरवलं. मी ती फीत अनेकदा पाहिली आहे आणि मला तो शोल्डर चार्जच दिसतो. खेळाडू कोण आहे आणि पुढचा सामना कोणता आहे हे पाहून निकाल लागला, असं मला सिद्ध करता येणार नाही. पण अनोळखी नवख्याला तेवढी सहानुभूती मिळाली असती का, ही शंका बोलून दाखवायला पुरावा लागत नाही. स्लेटर खेळला, स्टॉर्म २१-६ने हरलं.

‘तो तसला खेळाडू नाहीच’ या युक्तिवादाला काही अर्थ आहे का?

शिक्षा ठरवताना आहे. आधीचे गुन्हे नोंदीत असतील तर ती वाढते, पाटी कोरी असेल तर फायदा होतो. गुन्हा घडला की नाही हे ठरवताना मात्र शून्य अर्थ. स्वभावाने सज्जन माणसाचा कोपरही जबड्याला लागल्यावर तेवढाच टणक असतो.

खेळाडू म्हणाला, ‘मला काही आठवतच नाही’, तर?

असं खरोखर झालं आहे. २००४मध्ये स्टॉर्मच्या डॅनी विल्यम्सने वेस्ट्स टायगर्सच्या मार्क ओनीलला बेसावध असताना ठोसा मारला. बचाव असा, की आधी डोक्याला बसलेल्या माराने आपण भानावरच नव्हतो. वैद्यकीय साक्षी झाल्या. ज्युडिशियरीला ते पटलं नाही आणि अठरा आठवड्यांची बंदी आली. तेव्हा बऱ्याच जणांनी या बचावाची टिंगल केली. मेंदूला होणाऱ्या इजेबद्दल आज जे कळलं आहे ते पाहता मी टिंगल करणार नाही, पण निकालही बदलणार नाही. भान हरपलेला माणूस मैदानावर राहिलाच कसा, हा त्यातला न विचारला गेलेला प्रश्न.

हे कधी कोर्टात गेलं आहे का?

हो. १९८५मध्ये कँटरबरीच्या मार्क बग्डनच्या प्रहाराने क्रोनुलाच्या स्टीव्ह रॉजर्सचा जबडा मोडला. रॉजर्सने दावा लावला, जिंकला, आणि न्यायालयाने मालक या नात्याने क्लबालाही जबाबदार धरलं. मैदानात उतरलो म्हणजे काहीही सहन करायला संमती दिली, असं होत नाही, हा त्यातला कळीचा भाग. २००० साली झालेल्या, उचलून डोक्यावर आपटणाऱ्या ‘स्पिअर टॅकल’ने जॅरड मॅक्रॅकनची कारकीर्द संपली, त्यानेही २००५मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात विजय मिळवला.

खेळ मवाळ झाला आहे, हे तरी मान्य करा!

वेगळा झाला आहे. मे २०२१मध्ये ब्रिस्बेनला झालेल्या ‘मॅजिक राउंड’मध्ये डोक्याच्या संपर्कावर एकदम कडक धोरण आलं. एका फेरीत तिघे उरलेल्या सामन्यासाठी बाहेर आणि चौदा जण दहा मिनिटांसाठी सिन-बिनमध्ये. हंगामाच्या मध्येच हे सुरू केलं म्हणून आरडाओरडा झाला, आणि त्या आरडाओरड्यात तथ्य होतं. शिस्त लावायची तर हंगामाच्या आधी लावावी.

पण कारण पाहा. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लीग खेळाडूंच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडलेला आजार पहिल्यांदा आढळला. त्यातला एक मेंदू कँटरबरीच्या स्टीव्ह फोक्सचा होता. २०२२मध्ये वारलेल्या पॉल ग्रीन या माजी खेळाडूच्या मेंदूतही तो सापडला. क्वीन्सलँडचा देव मानला जाणारा वॉली लुईस आज आपल्या स्मृतिभ्रंशाबद्दल जाहीरपणे बोलतो. इंग्लंडमध्ये माजी खेळाडूंनी प्रशासनावर दावे लावले आहेत. मेंदूला हेतू कळत नाही, त्याला फक्त धक्का कळतो. म्हणूनच नियमांचा रोख मनावरून उंचीकडे सरकला.

मोठ्या सामन्यात लवकर सेंड-ऑफ केलं (उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढलं) की सामन्याचा विचका होतो. तिथे तरी रेफरीने हात आखडता घ्यावा ना?

न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमधल्या ५ जून २०२४च्या स्टेट ऑफ ओरिजिन सामन्यानंतर हाच सूर लागला होता. न्यू साउथ वेल्सकडून पहिलाच ओरिजिन सामना खेळणारा जोसेफ सुआली पहिल्या आठ मिनिटांतच बाहेर गेला, कारण त्याचा खांदा क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शच्या डोक्याला लागून वॉल्श बेशुद्ध पडला. बारा जणांच्या न्यू साउथ वेल्सने ३८-१० असा मार खाल्ला. तिकीट काढून गेलेल्यांचा संध्याकाळभरचा विरस झाला, हे खरं. पण वॉल्शचाही सामना आठव्याच मिनिटाला संपला होता, आणि त्याने काहीच केलं नव्हतं. सुआलीला पुढे चार सामने बसावं लागलं.

आमच्या मुलाला शाळेतल्या मित्रांमुळे लीग खेळायचं आहे. पाठवावं का?

अगदी लहान गटांत आता टॅकलऐवजी टॅग असतं, कमरेची पट्टी ओढली की झालं, आणि टॅकल सुरू होण्याआधी ते शिकवण्याचे कार्यक्रम असतात. नाव घालण्यापूर्वी दोन-तीन सराव लांबून पाहा. प्रशिक्षक मुलांना कंबरेच्या खाली वाकायला, डोकं बाजूला ठेवायला, हात समोरच्याभोवती गुंडाळायला शिकवतो का, आणि एखाद्या पोराच्या डोक्याला लागलं की त्याला लगेच बाहेर बसवतो का, तेवढं बघा. ‘काही नाही रे, ऊठ’ असं म्हणून परत आत ढकलत असेल, तर दुसरा क्लब शोधा. पश्चिम सिडनीत त्यांची वानवा नाही.